घरमालक आणि भाडेकरू एकाच रिक्षात

सासूबाई गेल्यावर सासरे अमळनेरला एकटेच राहत होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता. सुरतेत दिंडोलीकडचं आमचं घर दुमजली. वर आम्ही, खाली भाडेकरू. सासऱ्यांना आणायचं तर खालची खोली रिकामी व्हायला हवी होती.

खाली एक गुजराती जोडपं बरीच वर्षं राहत होतं. काका पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेले, काकी ब्लाउज शिवायच्या. त्यांची सगळी गिऱ्हाइकं आमच्याच गल्लीतली. जागा हवी आहे असं मी सांगितलं, की काका लगेच हो म्हणायचे. पण उत्तरायण झालं, होळी झाली, नवरात्र आली, तरी त्यांनी दुसरी खोली काही बघितली नाही.

नवागामला राहणाऱ्या माझ्या दिराला हे पटेना. पाणी बंद करा, ते बाहेर गेले की कुलूप बदला, असं त्याने सुचवलं. सासऱ्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी फोनवर आपल्या अहिराणीत एवढंच सांगितलं, "मन्हामुये कोनले घरबाहेर काढू नका." आपल्यापायी कोणी बेघर व्हायला त्यांना नको होतं.

शेवटी मी शिकवते त्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या बहिणीकडे गेले. ती वकील होती. तिने दिराचा बेत ऐकून आधी पाणी प्यायलं.

"कुलपाला हात लावलात तर उद्या तेच तुमच्यावर केस करतील," ती म्हणाली. "पाणी नाही, लाइट नाही, सामान नाही, कशालाच हात लावायचा नाही. घरच्या माणसासाठी जागेची खरी गरज आहे, हे कायद्याला चालणारं कारण आहे. आधी नोटीस द्या, मग कोर्टात मागा. बाहेर काढायचा हुकूम कोर्ट देतं, घरमालक नाही."

तिने नोटीस पाठवली, तीही इंग्रजीत. आमच्या गल्लीत कोणाचाही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच वाचायला येतो, हे तिला सांगायचं राहून गेलं. नोटीस मिळाली त्याच संध्याकाळी काका चष्मा पुसत वर आले.

"टीचरबेन, जरा वाचून सांगा ने. कोणी पाठवलंय?"

मी पाठवलंय, असं मी सांगितलं आणि मग सगळी नोटीस गुजरातीत करून वाचून दाखवली. वाचताना माझे कान तापले होते. काकांनी शांतपणे ऐकलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही तोंडाने सांगत होता ते जास्त सारं होतं, चांगलं होतं." मग एखादा चांगला वकील माहीत आहे का, हेही त्यांनी मलाच विचारलं. मी माझ्या वकीलबाईंना फोन केला. एका केसमध्ये दोन्हीकडून उभं राहता येत नाही, असं तिने हसतहसत सांगितलं आणि दुसऱ्या एका वकिलाचं नाव दिलं.

मुदत संपली, दावा दाखल झाला. पहिल्या तारखेला मी आणि माझे यजमान रिक्षेला हात करत होतो, तेवढ्यात काका-काकीही तयार होऊन बाहेर आले. जायचं एकाच कोर्टात होतं, मग वेगवेगळ्या रिक्षा कशाला? यजमान पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले, आम्ही तिघं मागे. काकींनी डब्यात थेपले घेतले होते. कोर्टाच्या बाकावर आम्ही ते खात बसलो, तर दोन्ही वकिलांनी येऊन निदान इथे तरी वेगळे बसा म्हणून सांगितलं.

दोन-तीन तारखांनंतर न्यायाधीशांनी तडजोडीचं विचारलं. काकी पहिल्यांदाच बोलल्या. त्यांना आमचा राग नव्हता, फक्त लांब गेलं तर गिऱ्हाइकं तुटतील याची भीती होती. हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत सांगितलंच नव्हतं. मग लग्नसराई संपेपर्यंत त्यांना राहू द्यायचं आणि त्यानंतर त्यांनी ताबा द्यायचा असं ठरलं, आणि ते कोर्टात लिहून दिलं गेलं. जवळच खोली शोधायचं काम यजमानांनी आपणहून अंगावर घेतलं.

खोली मिळाली ती मागच्याच गल्लीत. तिथल्या मालकाचा मला फोन आला. काका रीतसर करार मागत होते, नोटिशीची मुदत किती ते विचारत होते. हा माणूस वकील आहे का, अशी त्याला शंका आली होती.

"नाही, मिलमध्ये होते," मी म्हणाले. "माणसं फार चांगली आहेत."

"मग तुम्ही त्यांना का काढलं?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली, रिक्षा आणि थेपल्यांसकट. तो बराच वेळ हसत होता. दुसऱ्या दिवशी त्याने करारावर सही केली.

काकींचं मशीन हातगाडीवरून गेलं तेव्हा मागून बायका ब्लाउजची कापडं घेऊन चालत होत्या. आठवड्याभरात सासरे आले. काकींनी त्यांच्यासाठी अंगात घालायच्या दोन सुती कोपऱ्या शिवून पाठवल्या. त्या बाहीत जरा घट्ट झाल्या, पण सासऱ्यांनी त्या तशाच घातल्या.