मॅव्हिसच्या यादीतलं घर

कोण कुणाला मत देणार हे मॅव्हिस ओल्डरॉइडला दार उघडायच्या आत कळतं, असं यॉर्कशरमधल्या तिच्या गल्लीत म्हणत. तीस वर्षं ती छातीवर लाल रिबिनीचं फूल लावून मजूर पक्षासाठी दारोदार फिरली. पाच नंबरवाल्याचा बाप खाणीत होता, म्हणून तो लाल. नऊ नंबरवाल्याने नगरपालिकेचं घर विकत घेतलं आणि त्याच दिवशी तो निळा, म्हणजे हुजूर पक्षाचा झाला. चौदा नंबरच्या बाईंना देशाचं काहीही होवो, दारातला खड्डा बुजवणारा हवा.

यंदा नगरपालिकेला मॅव्हिस स्वतःच उभी राहिली. मतदारांच्या यादीत आपल्या घरापुढे तिने पहिल्याच दिवशी ठोकून 'आपलं' अशी खूण केली.

"मला विचारलंस?" नवरा क्लिफ म्हणाला.

"तुला काय विचारायचं?"

"मत गुप्त असतं."

"गुप्त म्हणे! चाळीस वर्षं तुझे मोजे धुतेय मी."

क्लिफच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. टेकडीवरच्या मतदान केंद्रापर्यंत चालणं शक्य नव्हतं. "सहाला गाडी घेऊन येते, कोट घालून तयार राहा," असं बजावून मॅव्हिस सकाळीच बाहेर पडली. दिवसभर तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीतून नेलं-आणलं. सहाला चौदा नंबरच्या बाई एकदाच्या कबूल झाल्या, मग त्यांची बहीण, मग बहिणीची शेजारीण.

दुसऱ्या दिवशी मतमोजणीत मॅव्हिसला आणि निळ्या उमेदवाराला सारखी मतं पडली. अधिकाऱ्याने डब्यातून चिठ्ठी काढली आणि निघालं ते दुसऱ्याचं नाव.

"एका मतासाठी गेलं रे, क्लिफ! एका!" घरी येऊन ती खुर्चीत कोसळली. "आता तरी सांग, तू कुणाला दिलंस?"

क्लिफ किटलीकडे बघत राहिला. "कोट घालून बसलो होतो. दहाला मतदान संपेपर्यंत."

मॅव्हिसचा चेहरा पडला. "मग रात्री बोलला का नाहीस?"

"बूटही न काढता झोपलीस. उठवायचं जिवावर आलं."

तिला रडू आलं, ते हरल्याचं नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली, बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. क्लिफ लंगडत आला.

"नमस्कार, मिस्टर ओल्डरॉइड," ती नाक पुसत म्हणाली. "पुढच्या वेळी मत कुणाला देणार?"

"अजून ठरलं नाही," क्लिफ म्हणाला. "पण विचारायला आलात, बरं वाटलं. आत या."