चपलेवरून सायकल सांगणारे जोशीबुवा

दीक्षितपुऱ्यातल्या जोशीबुवांकडे सायकल घ्यायला गेलं की आधी पायातली चप्पल काढून त्यांच्या हातात द्यावी लागे. ते ती उलटी करीत, तळ उजेडाकडे धरीत आणि ज्योतिषी हात पाहतो तशी पाहत बसत. तोवर गिऱ्हाइकानं एका पायावर उभं राहायचं. बुवांचं खरं आडनाव निराळंच होतं. घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. तलवार गंजली आणि यांच्या हाती पाना आला. चपला वाचतात म्हणून सगळे जोशीबुवा म्हणत.

"सायकल आवडीची घेऊ नये, वाटेची घ्यावी," असं ते म्हणत. एकदा एका वकिलाची चप्पल पाहून त्यांनी त्याला परतच पाठवलं. "वकीलसाहेब, टाच घासली आहे, पंजा नवा आहे. तुम्ही चालत नाही, पानठेल्यावर उभे राहून राहिले. सायकल काय करता? जी, स्टूल घ्या." वकील महिनाभर त्या गल्लीतून गेला नाही.

मध्यप्रांताचे दिवस होते ते. मी एकोणीस वर्षांची होते आणि अक्कल सोडून माझ्याकडे सगळं होतं. नुकती मास्तरीण झाले होते. सकाळी छावणीजवळ सदरच्या शाळेत आणि दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला गढ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायचं. सदरचा रस्ता डांबरी, पाटावरून हात फिरवावा असा. गढ्याकडे वळलं की मुरूम, काळे धोंडे आणि मध्ये एक नाला. पहिला आठवडा पायी केला आणि रोज उशीर झाला. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फर्मावलं, "एक सायकल घेऊन देतो. एकच. महिनाभर वेळेवर पोचलीस तर नोकरी, नाहीतर वऱ्हाडातलं ते स्थळ अजून थांबलंय." त्या स्थळाचा फोटो मी पाहिला होता. मला नोकरी फार प्रिय झाली.

पण बुवांच्या दुकानात एक हिरवी सायकल टांगलेली होती. छावणीतली कोणी मडम विलायतेला जाताना विकून गेलेली. बारीक टायर, चकचकीत हँडल, झगा अडकू नये म्हणून मागच्या चाकाला रेशमी जाळी. त्या सायकलीवर मी कशी दिसेन हे मी आरशापुढे बसून पाहिलं होतं, हँडलच्या जागी लाटणं धरून. आता माझी चप्पल पाहिली असती तर बुवांनी ती दिलीच नसती. गढ्याच्या धोंड्यांनी तिची चाळण केली होती. म्हणून मी वहिनीची घालून गेले. वहिनी देवळापलीकडे कुठं जात नसे. तिच्या चपलेचा तळ लोण्यासारखा.

बुवांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ही चप्पल देवळात जाते."

"मी जपून वापरते," मी म्हणाले.

"अच्छा." त्यांनी हिरवी सायकल उतरवली. "आठ दिवस चालवून बघ. मग ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदर बाजारातून अशी गेले की जणू रस्ता माझ्यासाठीच झाडला होता. छावणीतल्या दोन मडमा वळून पाहत होत्या. मी मान आणखी ताठ केली. दुपारी गढ्याच्या नाल्यात बारीक चाक दोन धोंड्यांच्या मध्ये अडकलं. मी पुढे गेले, सायकल तिथंच राहिली. चाकाची चकली झाली होती. चिखलानं माखून, सायकल ओढत शाळेत पोचले तेव्हा पोरी दप्तरं आवरत होत्या. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दीदी, अब एक बार और देर हुई तो मैं ऊपर लिख दूँगी."

तिथून तडक बुवांकडे गेले, माझ्या फाटक्या चपलेत. त्यांनी सायकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसता हात पुढे केला. मी चप्पल दिली आणि एका पायावर उभी राहिले.

"पंजा घासलेला, म्हणजे चढ. काठ फाटलेला, म्हणजे धोंडे. मध्ये डांबर, म्हणजे सदर." ते पहिल्यांदा हसले. "आता कशी खरं बोलून राहिली."

त्यांनी गोणपाट बाजूला केलं. मागे एक काळी सायकल तयार उभी होती. रुंद टायर, जाड आरे, चढाला सोपं जावं म्हणून मागचं दात्यांचं चक्र मोठं बसवलेलं. दिसायला म्हैस. तीन दिवस तरी लागावेत असं काम, म्हणजे मी नोकरीची बातमी वहिनीला ओरडून सांगितली तेव्हापासूनच बुवा ती जोडत असणार; दुकान आमच्या खिडकीखालीच होतं.

"माहीत होतं तर हिरवी दिली काहून?"

"नसती दिली तर जन्मभर तिच्याकडेच बघत राहिली असती," बुवा म्हणाले. "आणि पोरी, वहिनीच्या चपलेतून तुझी टाच दोन बोटं बाहेर होती."

मग त्यांनी हातपंप दिला. "सदरला हवा कडक ठेव. गढ्याच्या वळणावर चिंच आहे, तिथं थोडी सोड. चाक नरम असलं की धोंडा लागत नाही. येताना पुन्हा भर."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली उतरले, हवा सोडली आणि म्हशीवर बसून नाला पार केला. शाळेच्या दारात आले तर घंटेचा हातोडा अजून शिपायाच्या हातातच होता, घंटा वाजायची होती. मी पायरीवर बसले आणि इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी पाणी आणून दिलं. पुन्हा एकदाही उशीर न होता महिना सरला. अण्णा पोस्टात जायला माझी सायकल मागू लागले. स्थळाचा फोटो परत गेला.

चार वर्षांनी लग्न झालं, माझ्या पसंतीनं, नागपूरला. निरोप घ्यायला बुवांकडे गेले. पायात लग्नाची नवी चप्पल होती. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. बराच वेळ तळ उजेडाकडे धरून बसले.

"कोरी आहे, बेटी. हिच्यावरून काही सांगता येत नाही. सायकल सोबत ने."

नेली. सासरी डांबर थोडं आणि धोंडे फार निघाले. पण हवा कुठं सोडायची, ते मला ठाऊक होतं.