गोदाबाईंचा फेब्रुवारी

रोज सकाळी, चहाचं आधण ठेवायच्याही आधी, गोदाबाई सुईत दोरा ओवायच्या. शिवायचं काही नसायचं. देवळीतली पत्र्याची डबी घ्यायची, दारातल्या उजेडात बसायचं, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं आणि एका झटक्यात सुईच्या नाकातून पार करायचं. मग दोरा काढून रिळावर गुंडाळायचा, डबी जागेवर ठेवायची आणि चहाकडं वळायचं. पोरांच्या लहानपणी त्या गल्लीतल्या बायांची पोलकी शिवायच्या. मशीन कधीच विकलं, ही सवय मात्र मागं राहिली. दोरा गेला म्हणजे डोळे ठीक आहेत, एवढा साधा हिशेब होता.

त्या हिशेबात चूक होती हे गेल्या दिवाळीत कळलं, तेही अकोल्यात.

लेक आकांक्षा अकोल्याला जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीच्या पुलापलीकडं. दिवाळीला आलेल्या आईचा खांदा दोनदा दाराच्या चौकटीला आपटला. तिसऱ्यांदा तिनं रांगोळीवर पाय दिला. आकांक्षानं हात धरून तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तपासणी बराच वेळ चालली.

"काचबिंदू आहे, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो आधी नजरेच्या कडा खातो. मधलं शेवटी जातं."

"पण मी रोज सुई ओवतो ना," गोदाबाई म्हणाल्या. वऱ्हाडातल्या पुष्कळ बायांसारख्या त्या 'मी करतो, मी जातो' असंच बोलत.

"सुई समोरचं सांगते. बाजूचं सांगत नाही. जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवू, पण बरंच उशिरा आलात. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा शब्द मी देणार नाही."

परतताना पुलाच्या मधोमध गोदाबाई थांबल्या.

"घरी सांगू नको."

"आई, असं कसं?"

"तुह्ये बाबा जाणं रद्द करतीन. मले घेऊन दवाखाने हिंडतीन. तुले माही शपथ हाये, अक्कू. बाबाले नाही अन् श्यामलेही नाही."

जाणं म्हणजे आफ्रिकेला जाणं.

श्याम हा धाकटा. नैरोबीत पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होता, आणि पुढच्या वर्षअखेरीस त्याचं तिथलं काम संपणार होतं. त्याआधी आईबाबांना जंगल दाखवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. रजा एकदाच मिळणार होती. "महिना तेवढा सांगा, बाबा," तो दर रविवारी फोनवर म्हणायचा.

महिना सांगण्याचा हक्क घरात गोदाबाईंच्या नवऱ्याचा, नत्थुजींचा होता. ते एस.टी.च्या अमरावती डेपोत मेकॅनिक होते, पण त्यांचा खरा जीव मेळघाटात. ऐन वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरची जनावरं मोजायला वनखातं माणसं बोलवायचं. नत्थुजी वर्षानुवर्षं मचाणावर जाऊन बसले. गोदाबाई त्यांना दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून द्यायच्या. परत आले की नत्थुजी ओसरीवर बसून सांगायचे. अस्वल कसं आलं, सांबरानं कान कसे टवकारले, गवा पाण्यात कसा उतरला. "एवढा काळा धिप्पाड गडी, अन् पायात पाहा तं गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे," हे तर दरवर्षी. गोदाबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांनी सगळं जंगल असं कानांनी पाहिलं होतं. श्यामनं पहिल्यांदा आफ्रिकेचं काढलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "एकदा मले माह्या डोळ्यानं पाहू द्या. कोणी सांगायच्या आधी."

नत्थुजींनी महिना ठरवला तो मे.

"जनावर पाहाचं तं वैशाखात," ते फोनवर म्हणाले. "तळे आटतात, पानं झडतात. जनावर पाण्यावर आल्याबिगर जाते कुठं?"

"बाबा, इकडं एप्रिल-मे म्हणजे धो धो पाऊस."

"मे महिन्यात पाऊस? आफ्रिकेत? मले शिकवून राहिला का तू?"

श्यामनं वाद घातला नाही. एका मित्राची गाडी गेल्या मे महिन्यात तिथल्या माळावर फसली होती, त्याचा व्हिडिओ पाठवून दिला. चारही चाकं बुडाली होती आणि जितका रेटा द्यावा तितकी गाडी खाली जात होती. नत्थुजींनी व्हिडिओ दोनदा पाहिला. पडदा बोटांनी मोठा करून चाकाला चिकटलेला चिखल पाहिला.

"हे तं आपली काळी माती हाये," ते हळूच म्हणाले. नांदगाव खंडेश्वरच्या खेड्यापाड्यांतून फसलेल्या गाड्या ओढून काढण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. मे महिना त्यांनी तिथंच सोडून दिला.

पण सोडला तो थेट ऑगस्टसाठी. श्यामचंही तेच म्हणणं होतं. तेव्हा पाऊस नसतो, आणि लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात. विल्डबीस्ट म्हणजे गाईएवढं, दाढीवालं हरीण. खाली मगरी, वर धुराळा. सगळं जग ते पाहायला तिथं जातं. नत्थुजींना तो नदीचा देखावा असा भिनला की भाजीवाल्यालाही त्यांनी तो सांगितला.

"ऑगस्ट तं ऑगस्ट," गोदाबाई म्हणाल्या. "महालक्ष्म्या बसाच्या आत वापस आलो म्हणजे झालं."

आकांक्षा त्या दिवशी माहेरी, अमरावतीत होती. आईचा आवाज इतका सरळ होता की तिला भीती वाटली.

"फेब्रुवारीत जा ना, बाबा," ती म्हणाली. "मी वाचलं. तेव्हा दक्षिणेकडच्या माळावर त्यांची वासरं होतात. गवत आखूड असते. सगळं जवळून दिसते."

"मंग नदी?"

"नदी तेव्हा नाही दिसत."

"घ्या. एवढं साता समुद्रापार जाचं अन् नदी सोडून वासरं पाहाची? वासरं तं तिवस्याले मामाच्या गोठ्यातही हायेत." मग त्यांनी मान वर केली. "इतकी घाई काहून करून राहिली तू?"

आकांक्षानं आईकडं पाहिलं. गोदाबाई ताटातले शेंगदाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घाई कशाची?" आकांक्षा म्हणाली. "सहज."

त्यानंतरचे आठवडे आकांक्षाला जड गेले. ती रोज सकाळी फोन करायची.

"गेला का दोरा?"

"गेला."

"थेंब?"

"टाकले. तुह्ये बाबा विचारत होते काय टाकतो म्हणून. म्हटलं, डोळ्यातून पाणी येते."

शपथ मोडावी तर आई पुन्हा कधी काही सांगणार नाही, आणि पाळावी तर ऑगस्ट येणार. श्यामनं रजेचा अर्ज टाकायची तारीख कळवली तेव्हा आकांक्षा शाळेतल्या वर्गात फळ्यासमोर उभी होती. मुलं वाट पाहत होती आणि हातातल्या खडूनं काय लिहायचं होतं ते तिला आठवेना.

अर्ज जायच्या आदल्या रविवारी नत्थुजींनी सगळ्यांना मेळघाटात नेलं. "सराव पाहिजे," ते म्हणाले. "गाडीत गपचूप बसाचा सराव. तुह्या मायले खोकला आला तं सिंह पळून जाईन." बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर बायामाणसांना त्यांनी कधी नेलं नव्हतं. गोदाबाई सेमाडोह गावाच्या पुढं जन्मात पहिल्यांदाच आल्या.

उघड्या जिप्सीत मागच्या बाकावर डावीकडं गोदाबाई, उजवीकडं नत्थुजी, पुढच्या बाकावर आकांक्षा. जानेवारीची थंडी अजून झाडांत होती. एका वळणावर गाईडनं हात वर केला आणि गाडी थांबली.

"गवा," तो पुटपुटला. "डाव्या हाताले."

बांबूच्या कडेला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तो उभा होता. नुकताच चिखलात लोळून आला असावा. पोटापर्यंत ओल्या गाळानं माखलेला. त्याच्या श्वासाचा आवाज गाडीत ऐकू येत होता.

आकांक्षानं वळून पाहिलं. गोदाबाई समोर, रिकाम्या रस्त्याकडं पाहत होत्या. चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसाचं हसू होतं.

नत्थुजींनी त्यांच्या खांद्याला बोट लावलं. त्या वळल्या, पण नको तितक्या वळल्या. नजर गव्यावरून सरकून मागच्या झाडांवर गेली, तिथून परत येईपर्यंत बांबू हलला आणि गवा आत शिरला.

"पायला?" नत्थुजींनी विचारलं.

"हो. केवढा तो."

"कसा होता?"

गोदाबाई जराही अडखळल्या नाहीत. "काळा धिप्पाड गडी. अन् पायात गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे."

गाईड वळून काही बोलणार होता. नत्थुजींनी हातानंच त्याला थांबवलं. ज्या गव्याचे चारही पाय गाळानं काळे झाले होते, त्याचे पांढरे मोजे गोदाबाईंना कुठून दिसले, हे त्या गाडीत नत्थुजींइतकं कोणालाच कळलं नसतं. ते शब्द त्यांचेच होते.

पुढं सांबर दिसलं, मोर दिसले. नत्थुजी एकदाही "पायलं का?" म्हणाले नाहीत.

जिप्सी सोडून घराकडं निघाल्यावर परतवाड्याला चहासाठी मोटार थांबवली. गोदाबाई पाय अवघडले म्हणून गाडीतच बसून राहिल्या. टपरीवर नत्थुजींनी दोन कप घेतले, एक आकांक्षाच्या हातात दिला.

"कधीपासून?"

आकांक्षानं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "मले दिवाळीत कळलं. हाये मात्र आधीपासून."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली, बाबा."

"नजर ऑगस्टपर्यंत राहीन का?"

"डॉक्टर शब्द देत नाहीत."

नत्थुजींनी चहा संपवला. रिकामा कप कुठं ठेवावा हे न सुचल्यासारखा हातात फिरवत राहिले. मग तिथूनच त्यांनी श्यामला फोन लावला.

"फेब्रुवारीची रजा टाक."

"बाबा, आता? फेब्रुवारीत नदी नाही दिसणार तुमाले. वासरं पाहाले दुसऱ्या देशात जा लागते, टांझानियात. अजून एक व्हिसा, अन् पिवळ्या तापाची लस तं..."

"नदी मले नाही पाहिजे. बाकी तू पाह्य."

गाडीपाशी येऊन ते गोदाबाईंच्या खिडकीशी उभे राहिले. "ऐकलं का. फेब्रुवारीत जाऊ म्हणतो. ऑगस्टात तिकडं लई गर्दी राहते म्हणे. पुढं माणसं, मांगं माणसं, मधात जनावर."

"तुमाले कोणं सांगितलं?"

"माहीत हाये मले."

गोदाबाईंनी आकांक्षाकडं मान वळवली. आकांक्षानं आपणहून काही सांगितलं नव्हतं, आणि हे आईला कसं पटवावं ते तिला कळेना. पण गोदाबाईंनी विचारलं नाही. "मंग लवकर निघा," त्या म्हणाल्या. "सांज होऊन राहिली."

घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. फक्त थेंब टाकायची वेळ झाली की नत्थुजी बाटली आणून गोदाबाईंच्या हाताशी ठेवायचे आणि अंगणात निघून जायचे.

फेब्रुवारीच्या शेवटाला दोघं गेले. निघायच्या आधी अकोल्यात डोळ्यांचा दाब तपासला, तो वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी थेंब बदलून दिले आणि जाऊ नका असं म्हटलं नाही. आकांक्षा त्यावरच दिवस काढत होती. पहिल्या दिवशी श्यामचा निरोप आला, कळप दूर आहे. दुसऱ्या दिवशी, आज धूळ फार, आईला काही दिसलं की नाही कळत नाही, ती हो हो म्हणते. ते "हो हो" वाचून आकांक्षाला मेळघाटातली जिप्सी आठवली.

त्यानंतर एका दुपारी व्हिडिओ आला. शाळेच्या जिन्यात उभी राहून तिनं तो उघडला.

आखूड हिरवं गवत. गाडीसमोर, अगदी नाकासमोर, एक विल्डबीस्टची मादी आणि तिच्या पायाशी ओलं, मातकट काहीतरी. गोदाबाई उभ्या होत्या, दोन्ही हातांनी गज धरून. बाजूला नत्थुजी.

"आई, ते पाह्य, ते पिल्लू आता..." श्यामचा आवाज.

"गप," नत्थुजी म्हणाले. "तिले पाहू दे."

जन्मभर सांगत आलेला माणूस तोंड मिटून उभा होता. ते ओलं काहीतरी हललं, पडलं, पुन्हा हललं, आणि उभं राहिलं.

"मांगून उठलं," गोदाबाई म्हणाल्या. "आधी मांगचे पाय. आपल्या गाईचं वासरू उठते तसंच." थोडं थांबून, "अन् कान अजून चिकटलेलाच हाये एक."

आकांक्षानं व्हिडिओ मागं नेला. मागचे पाय आधी. उजवा कान ओला, मानेला चिकटलेला. हे गोदाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. तास संपल्याची घंटा झाली तरी उठली नाही.

पावसाळा आला, गेला. भाद्रपदात महालक्ष्म्यांना आकांक्षा अमरावतीला आली तेव्हा सोळा भाज्या चिरायला शेजारच्या हर्षाकाकू बसल्या होत्या. गोदाबाई बाजूला बसून कशात काय घालायचं तेवढं सांगत होत्या. तिथंच ओसरीवर नत्थुजी मोबाइलमध्ये मारा नदीचा व्हिडिओ लावून त्यांना सांगत होते. पहिला उतरला, थांबला, आता सगळे एकदम. मगर आली, पण चुकली तिची.

"त्याच्यात आपलं असन का ते?" गोदाबाईंनी विचारलं. "एका कानाचं?"

"आता कान सुटला असन त्याचा," नत्थुजी म्हणाले. "पण हाये. कडेकडेनं चालून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकांक्षा उठली तेव्हा आई दारात बसलेली होती. मांडीवर पत्र्याची डबी. ओला केलेला दोरा सुईच्या बाजूनं पुन्हा पुन्हा निसटत होता. आकांक्षा चौकटीशी उभी राहिली. पुढं झाली नाही. गोदाबाईंनी दोरा रिळावर नीट गुंडाळला, सुई डबीत टाकली, झाकण बसवलं आणि पावलांचा आवाज जिथं थांबला होता तिकडं डबी पुढं केली.

"ह्या सुया अकोल्याले घेऊन जा. इथं गंजून जातीन," त्या म्हणाल्या. "डबी मात्र वापस आणजो. मले लवंगा ठेवाले कामी येईन."