चाप उतरल्यानंतरची दहा मिनिटं

हरीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मामेभाऊ नितेश म्हणाला, "बाबा गेले... जेवून खुर्चीत बसले होते, तसेच." मी विचारलं, "काय जेवले?" "मटणाचे चाप," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो. दीड महिना झाला त्याला.

मामा ऐन उमेदीची वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होते. हाडासकट जाड मांस कोळशावर भाजायला ते तिथेच शिकले. गावी परतल्यावर त्यांनी पत्र्याचं पिंप उभं कापून घेतलं, एका अर्ध्याला जाळी बसवली, दुसऱ्याचं झाकण केलं आणि बोकडाच्या चापांवर तीच विद्या चालवली. मटणवाले रफिकभाई दर वेळी सुरा थांबवून विचारायचे, "चार उंगली जाड? मामा, ये चाप है या पाटा?" मामा म्हणायचे, "तुमी कापा. दात आमचं हायत." मीठ सकाळीच चोळायचं. निखारे सगळे एका बाजूला, चाप दुसऱ्या बाजूला, वर झाकण. हाडापाशी शिजलं की अगदी शेवटी थेट निखाऱ्यांवर, रंग येईपर्यंत. आणि उतरवल्यावर दहा मिनिटं परातीत झाकून ठेवायचं. कुणाचा हात पुढे आला तर मामा चिमटा वाजवायचे. "आता कापलं तर रस परातीत, आन् तुमी चघळा चामडं."

माझे वडील कामगार संघटनेत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि सुट्ट्या गेल्या त्यांच्या घड्या घालण्यात. त्यामुळे दर रविवारी अंगणात माणसं जमवून चाप भाजणारे मामा मला पटायचे नाहीत. "चारी बाजूंनी कंटेनर यार्ड उठलीत, आणि तुम्ही मीठ कधी चोळायचं ते सांगताय!" मी तोंडावर म्हणायचे. मामा हातपंखा पुढे करायचे. "बोल, बाय. बोलता बोलता वारा घाल." त्यात माझी उरलेली पत्रकं ते कोळसा पेटवायला घ्यायचे. मी चिडले की शांतपणे सांगायचे, "आधी वाचतो, मंग लावतो."

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेसमोरचं गावचं मैदान ट्रेलरच्या पार्किंगला द्यायचा ठराव सोमवारी ग्रामसभेत येणार होता. मी दीडशे पत्रकं छापून रविवारी सकाळी मामांकडे आणली आणि गठ्ठा ठेवला कुठे, तर पडवीतल्या कोळशाच्या पोत्यावर, जुन्या कागदांशेजारी! कोळसा दमट होता, पेटत नव्हता. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा पिंपातून काळे कपटे उडत होते आणि एकावर माझंच वाक्य अजून वाचता येत होतं.

"मामा! उद्याची होती ती! तुम्हाला मटणापलीकडं काही कळतं का?"

अंगणातली तीसेक माणसं वळून बघू लागली. छापखाना रविवारी बंद. मैदान गेलंच, असं मी मनाशी धरलं. मामांनी चिमटा खाली ठेवला. "चुकलं, बाय. आज पयल्यांदा न वाचता लावलं..." मग ते पुन्हा निखारे सारखे करू लागले. माझा आणखीच संताप झाला.

चाप उतरले. मामांनी परात झाकली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दहा मिनिटं कोणी उठायचं नाय. मी हिचं पत्रक जाळलं. त्यात काय लिवलं होतं, ते ही सांगंल."

मी लिहिणारी. चार माणसांपुढे उभं राहून कधी भाषण केलं नव्हतं. "बंधूंनो आणि भगिनींनो..." मी सुरुवात केली.

"भगिनी कोण गं?" मामी म्हणाली. "मी मामी हाय तुजी. नीट सांग."

सगळे हसले, मीही हसले, आणि मग नीट सांगितलं. ट्रेलर मागे घेताना शाळेचं दार कसं मध्ये येतं, पोरी कबड्डी कुठे खेळणार, लग्नाचा मांडव कुठे पडणार. शेजारचा काशिनाथ म्हणाला, "माझाच ट्रेलर हाय. मी कुठं लावू?" माझ्याआधी मामीच म्हणाली, "लाव की तुज्या दारात. तुजी पोरं बघूदेत मागं-फुडं." काशिनाथ हसला नाही. पण तो उठूनही गेला नाही. दहाची वीस मिनिटं झाली, चाप गार झाले आणि कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ती अंगणातली माणसं पुढे बसली होती. काशिनाथनेही हात आमच्या बाजूने वर केला. ठराव पडला. मी धावत मामांकडे गेले, माफी मागायचं ठरवून. ते जाळी घासत होते. म्हणाले, "बरं झालं. पण बोललीस लई, बाय... मटण गार झालं."

मैदान आजही आहे. परवाच्या रविवारी नितेशने पिंप पेटवलं. मी प्रत्येक कागद आधी वाचला, मग दिला. चाप चार बोटं जाड होते. मामांची खुर्ची पडवीत तशीच होती. चाप उतरले, परात झाकली गेली, सगळे बसले आणि त्या खुर्चीकडे बघू लागले. मग मामीने ती खुर्ची उचलून अंगणात आणली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "दहाच मिनिटं हायत. बोल."

मी बसले, आणि बोलायला लागले.