परत येताना थांबू

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरात श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. आमच्या ब्रिटनच्या रोड ट्रिपचे किस्से असेच साठलेत. ट्रिपला दोन वर्षं झाली. सिंगापुरात आंग मो किओला आमच्या बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं कॉफीला जमतो. कुणी नवीन आलं की लगेच फर्माईश होते, "चीफ, ते ब्रिटनचं सांगा ना!"

मला सगळे चीफ म्हणतात, कारण मी अठरा वर्षं बोटीवर काढली आणि चीफ इंजिनिअर होऊन उतरलो. मग मी सांगतो, चांगलं मीठमसाला लावून. लोक पोट धरून हसतात. माझी बायको सुधा नेमकी त्याच वेळी उठते आणि सगळ्यांना अजून एकेक कॉफी आणायला जाते.

म्हणून म्हटलं, एकदा मसाला न लावता लिहून बघावं.

लग्नानंतरची पहिली बारा वर्षं मी सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने पुण्यात असा राहिलो. त्या बारा वर्षांत दोन मुलं झाली, माझे आईवडील म्हातारे झाले आणि ते सगळं सुधाने एकटीने निभावलं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि हीच माझी तिच्याबद्दलची तक्रार. सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली तेव्हापासून मी घरातच आहे, पण काहीही विचारलं तरी ती "ठीक आहे" म्हणते. ब्रिटनची ट्रिप मी तिच्यासाठी काढली होती. बारा दिवस चौघं एका गाडीत. वाटलं होतं, त्यात कधीतरी ती मनातलं बोलेल.

* * *

सिंगापुरात आमच्याकडे गाडी नाही. इथे गाडीपेक्षा गाडी ठेवायचा परवाना महाग! खिशात लायसन्स आणि घरासमोर एमआरटीची मेट्रो, अशी आमच्यासारखी बरीच मंडळी आहेत. त्यामुळे लंडनच्या विमानतळावर भाड्याची गाडी हातात आली तेव्हा मी स्टिअरिंगला कित्येक वर्षांनी हात लावत होतो.

पण इंजिनिअर ना! बॉनेट उघडलं. ऑइल पाहिलं, कूलंट पाहिलं, चारही टायर दाबून पाहिले, मग गाडीखाली वाकून कुठे गळती आहे का तेही पाहिलं. जित्याची खोड! चाळीस मिनिटं गेली. सुधा आणि मुलं बॅगांवर बसून होती. शेवटी काउंटरवरची मुलगी बाहेर आली आणि नम्रपणे म्हणाली की ही गाडी कालच फॅक्टरीतून आली आहे, तुम्ही पहिलेच गिऱ्हाईक.

त्याआधी तिने फॉर्म भरताना विचारलं होतं की दुसऱ्या कुणाचं नाव ड्रायव्हर म्हणून घालायचं का. मी नको म्हटलं. सुधा शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघायचंही मला सुचलं नाही.

* * *

बोटीवर प्रवासाचा प्लॅन करतात ते वरचे, डेकवाले. आम्ही खाली इंजिन रूममध्ये. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्लॅनवर इंजिन चालवलं, म्हणून या वेळी हौस भागवून घेतली. लंडनहून वेल्स, तिथून लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड आणि पूर्व किनाऱ्याने खाली परत लंडन. निघायची वेळ, पोचायची वेळ, मधल्या टॉयलेटची वेळ, सगळं टाइप करून चार प्रती काढल्या होत्या. धाकटा निखिल तेव्हा सोळाचा होता. त्याने आपली प्रत वाचली आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "बाबा, धिस वन हॉलिडे ऑर फायर ड्रिल?"

लेक डिस्ट्रिक्टच्या वाटेवर एक दगडी पूल लागला. खाली गुडघाभर स्वच्छ पाणी आणि काठावर माणसं पाय सोडून बसलेली. सुधा म्हणाली, पाच मिनिटं थांबू या का, पाय बुडवून येऊ. घड्याळात अकरा वीस. मी म्हटलं, "परत येताना थांबू."

दुपारी एका खेड्यात शाळेच्या मैदानावर जत्रेसारखं काहीतरी चाललं होतं, बायकांनी घरचे केक मांडले होते. परत येताना थांबू. संध्याकाळी एक जुनं लोकरीचं दुकान. परत येताना थांबू. सुधा दर वेळी "बरं" म्हणाली आणि खिडकीतून मागे बघत राहिली.

रात्रीच्या मुक्कामाला पोचल्यावर निखिलने मोबाइलवर नकाशा उघडून माझ्यासमोर धरला. बोटाने पूर्ण गोल फिरवून दाखवला.

"बाबा, धिस इज अ लूप लाह. देअर इज नो परत येताना."

हॉकर सेंटरमध्ये या किश्शावर सगळ्यात मोठा हशा पिकतो. मीही हसतो. पण बोटीवर जाताना बारा वर्षं मी दारात उभा राहून हेच सांगत होतो की आल्यावर करू, आल्यावर जाऊ. ते आठवलं की त्या पुलाचं फार वाईट वाटतं.

* * *

त्याआधी वेल्समध्ये आम्ही ग्वेन नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी उतरलो होतो. राहायची खोली आणि सकाळचा नाश्ता, असा त्यांचा घरगुती व्यवसाय. आदल्या संध्याकाळी सुधाने त्यांना आपल्या डब्यातलं मेतकूट चाखायला दिलं, त्यांनी ते सकाळी टोस्टवर लोण्यात मिसळून लावलं आणि दोघींची गट्टी जमली.

निघायची वेळ नऊची. नऊ वाजता मी गाडीत, मुलं गाडीत, सुधाचा पत्ता नाही. खिडकीतून दिसत होतं, ग्वेनबाई भांडी विसळत होत्या, सुधा पुसत होती आणि बोलत होती. सुधा! हात हलवत, थांबून थांबून, फडकं खांद्यावर टाकून बोलत होती. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलेलं नव्हतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी हॉर्न वाजवला.

त्या शांत गल्लीत तो हॉर्न असा वाजला की समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. सुधा हात पुसत पुसत धावत आली आणि गाडीत बसली. ग्वेनबाई मागोमाग आल्या, माझ्या बाजूच्या काचेशी वाकल्या आणि म्हणाल्या की तुझ्या बायकोने मला तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. मी जरा चाचरतच विचारलं, चांगलंच सांगितलं असेल ना?

"म्हणाली, तू फार वक्तशीर आहेस."

मुलं मागे खिदळत होती. गाडी बरीच पुढे गेल्यावर मी सुधाला विचारलं की इतकं काय बोलत होतीस. ती म्हणाली, "काही नाही. त्यांचाही नवरा बोटीवर होता."

पुण्यात नाही, सिंगापुरात नाही, जिच्याशी बोलावं अशी बाई तिला वेल्समध्ये भेटली. आणि मी हॉर्न वाजवला.

* * *

स्कॉटलंडच्या डोंगरात रस्ता एकाच गाडीपुरता असतो. समोरून कुणी आलं की ज्याला सोयीचं त्याने मागे जायचं आणि कडेच्या रुंद जागेत उभं राहायचं. तीन-चारदा समोरचेच मागे गेले. पाचव्यांदा समोरून मेंढ्यांनी भरलेला ट्रेलर लावलेली गाडी आली. ट्रेलर मागे नेणं अवघड, म्हणजे पाळी माझी.

मी तीस हजार अश्वशक्तीचं इंजिन चालवलेलं आहे. ती हॅचबॅक मला शंभर मीटर मागे नेता येईना. एकदा उजवीकडे चिखलात, एकदा डावीकडे दगडावर. थोरली इरा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मेंढ्या ओरडत होत्या.

शेवटी सुधा उतरली. भुरभुर पाऊस पडत होता. ती गाडीमागे उभी राहिली आणि हाताने खुणा करत, उलट पावलांनी चालत मला मागे घेऊ लागली. डावीकडे, अजून डावीकडे, आता सरळ, बास. गाडी जागेवर बसली. मेंढ्यांवाला म्हातारा शेजारून जाताना थांबला, भिजलेल्या सुधाकडे बघून टोपीला हात लावला आणि मला विचारलं, "मग गाडी या बाई का चालवत नाहीत?"

मी म्हटलं, इन्शुरन्सवर तिचं नाव नाही.

त्याने मान हलवली आणि निघून गेला. तो आपला सहज विचारून गेला. पण पुण्यात बारा वर्षं आमची मारुती कुणी चालवली? मुलांची शाळा, माझ्या बाबांचं डायलिसिस, आईचा मोतीबिंदू, शनिवार पेठेतल्या गल्लीत रिव्हर्स पार्किंग, सगळं सुधाने. मी सुट्टीवर यायचो तेव्हा विमानतळावर घ्यायलाही तीच यायची. आणि मग घरापर्यंत गाडी मी चालवायचो.

* * *

पूर्व किनाऱ्यावर माझी एक खास जागा होती, एक बंदर. त्या बंदरात मी सहा वेळा गेलो होतो. मुलांना म्हटलं, चला, बाबा कुठे यायचे ते दाखवतो. लिंकनचं कॅथेड्रल सुधाला बघायचं होतं, ते त्यानंतर.

वाट वाकडी करून पोचलो तर एक तारेचं कुंपण, एक बंद फाटक आणि रांगेत उभे ट्रक. लांबवर एक क्रेन दिसत होती. मी बोट दाखवून म्हटलं, तिथे, त्या क्रेनच्या पलीकडे. इराने खूप प्रयत्न करून पाहिलं आणि विचारलं, "दॅट्स इट, आ?"

मग तिने विचारलं की गाव कसं आहे. मला माहीत नव्हतं. बंदरात लागलो की आमचं मेंटेनन्स सुरू व्हायचं. सहा वेळा येऊन मी गाव पाहिलेलंच नव्हतं. तरीही मी फाटकासमोर सगळ्यांचे फोटो काढले, एकदा हसून, एकदा न हसता. पहारेकरी येऊन म्हणाला की इथे फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

लिंकनला पोचलो तेव्हा कॅथेड्रलची दारं नुकतीच बंद झाली होती. सुधाने बाहेरूनच, मान मागे टाकून, बराच वेळ वर बघितलं. कसं वाटलं, मी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

* * *

शेवटचा दिवस. दुपारी लंडन गाठायचं होतं, पण माझ्या प्लॅनमध्ये पंधरा मिनिटं शिल्लक निघाली. एका लहानशा खेड्यातून जाताना सुधा म्हणाली, "थांबा जरा." आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच मी थांबलो.

रस्त्याकडेला लाल टेलिफोन बूथ होता. गावकऱ्यांनी त्यात वाचनालय केलं होतं, आत फळ्यांवर पुस्तकं. फोन कधीच बंद पडलेला, पण रिसीव्हर अजून हुकावर होता. पाऊस पडत होता म्हणून मुलं गाडीतच बसली, काचा वर करून. सुधा बूथमध्ये शिरली. मी कॅमेरा घेऊन बाहेर उभा राहिलो.

अशा बूथवरून मी तिला किती फोन केले असतील! फोनकार्डाची मिनिटं संपत आलेली, मागे खलाशांची रांग, बोट सुटायच्या बेतात. मी एकच विचारायचो, सगळं ठीक आहे ना? आणि ती एकच सांगायची, हो, सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी घ्या. बाबांची किडनी गेल्याचं मला चार महिन्यांनी घरी पोचल्यावर कळलं. निखिलच्या वेळी ती स्वतः तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती, तेही असंच.

तिने सहज रिसीव्हर उचलून कानाला लावला. मला गंमत सुचली. मीही अंगठा कानाशी आणि करंगळी तोंडाशी धरली, आणि काचेबाहेरून जुन्या सवयीने ओरडलो, "हॅलो! सुधा, सगळं ठीक आहे ना?"

तिने रिसीव्हर तोंडाजवळ ओढला.

"नाही," ती रिसीव्हरमध्ये म्हणाली. "काहीच ठीक नाहीये. तुम्ही घरी या."

मग तिने रिसीव्हर जागेवर नीट ठेवला, फळीवरचं एक पुस्तक काढून चाळलं, परत लावलं आणि पाठमोरी उभी राहिली. मी बाहेर तसाच, कानाशी अंगठा धरून.

इराने गाडीची काच खाली केली. "बाबा, आई काय म्हणाली?"

मी म्हटलं, "सगळं ठीक आहे म्हणाली."