तेरा बावन्न

धम्मानंद सोनकांबळेनं आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. एक फाटक लावणं आणि दुसरी वेळ लिहिणं. बाकी संसार, भावकी, सणवार सगळं सुमनबाईनं रेटलं आणि त्यानं मान डोलावली.

नांदेडहून मुदखेडकडे जाणाऱ्या रुळांवर, जिथं शहर संपून केळीचे मळे लागतात, तिथल्या फाटकावर तो अकरा वर्षं गेटमन होता. त्याआधी नऊ वर्षं रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये हातोडा मारत रूळ तुडवले. गाव बिलोली तालुक्यातलं, पण तिथं आता फक्त थोरला भाऊ. गेटमनचं काम लोकांना फुकटचं वाटतं. खुर्चीत बसायचं, हिरवी झेंडी दाखवायची, पगार घ्यायचा. असं म्हणणाऱ्याला मे महिन्यात त्या पत्र्याच्या खोलीत एक दुपार बसवावं. गाडी यायच्या आधी स्टेशनमास्तरचा फोन येतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो आणि आपल्याजवळच्या कागदावरचा एक गुप्त आकडा मास्तरला सांगतो. मास्तर तो लिहून घेतो, तेव्हाच गाडी पुढं सुटते. सांगितलेल्या आकड्यावर लगेच काट मारायची, आणि गाडी गेली की तिची वेळ रजिस्टरात चढवायची. मिनिटाचा फरक पडला तर त्याची चौकशी लागते. धम्मानंदच्या रजिस्टरात अकरा वर्षांत एक खाडाखोड नव्हती. घरीसुद्धा तो ‘पावणेदोनला आलो’ म्हणायचा नाही, ‘तेरा सेहेचाळीसला’ म्हणायचा. लेक धम्मप्रिया त्यावरून त्याला खूप चिडवायची.

एवढ्या गाड्या बघितलेल्या माणसाला गाडीबद्दल कुणी काही विचारावं, असं अकरा वर्षांत घडलं नव्हतं. मोबाइल आल्यावर त्यानं इंजिनांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि फेसबुकवर टाकू लागला. तिथं त्याला शिवकुमार भेटला. जहीराबादकडचा, रेल्वेचा वेडा, असं त्यानं सांगितलं. तो विचारायचा, हे इंजिन कोणतं, डबे किती, ही गाडी रोज जाते का. आणि उत्तर आलं की म्हणायचा, ‘काका, तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.’ हे वाक्य ऐकायला धम्मानंदचे कान वीस वर्षं आसुसलेले होते. तीन-चार फोटो त्यानं खास शिवकुमारसाठी काढून व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यातल्या एका फोटोत मालगाडीवर रणगाडे होते. धम्मानंदला त्या इंजिनाचा रंग आवडला होता, म्हणून पाठवला. याला भोळेपणा म्हणा नाहीतर मूर्खपणा म्हणा, पण नियत साफ होती.

मग सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर माणसं दिवसरात्र ओरडू लागली. आणि लढाईच्या पहिल्याच दिवशी, ड्यूटी संपवून तो सायकल काढत होता तेव्हा साध्या कपड्यांतले दोघं आले आणि त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले.

त्यांच्यातल्या मोठ्या साहेबानं आपलं नाव संगमेश सांगितलं. खरं की खोटं, कोण जाणे. त्यानं आवाज चढवला नाही, चहा दिला आणि मालगाडीचा तो फोटो टेबलावर ठेवला. शिवकुमार हा शिवकुमार नव्हता आणि जहीराबादचाही नव्हता, तो सीमेपलीकडचा होता. धम्मानंदनं चहाचा कप तसाच बाजूला सारला.

साहेबाकडे दोनच रस्ते होते. एक, गुन्हा दाखल करायचा. दुसरा, धम्मानंदनं शिवकुमारशी पूर्वीसारखंच बोलत राहायचं, पण सांगायचं ते खोटं. लष्करी गाडी गेली की दोन तास पुढची वेळ सांगायची आणि दिशा उलटी. रोज संध्याकाळी स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात येऊन फोन दाखवायचा. घरी अवाक्षर काढायचं नाही, कागदावर काही लिहायचं नाही. धम्मानंदनं हात जोडून सांगितलं, साहेब, मला खोटं बोलता येत नाही, दुसरा माणूस बघा. साहेब हसला.

“लेकीचं पोलीस भरतीत नाव लागलंय ना? चारित्र्य पडताळणी राहिलीय फक्त. बापावर असला गुन्हा असला, तर काय होईल?”

इथं धम्मानंद संपला. धम्मप्रिया तीन वर्षं पहाटे उठून धावली होती. दोनदा लेखी परीक्षेत अर्ध्या-एक मार्कानं गेली होती, तिसऱ्यांदा यादीत नाव आलं तेव्हा सुमनबाईनं अख्ख्या वस्तीला जिलेबी वाटली होती. तिच्यासाठी तो खोटं बोलायचं शिकायला तयार झाला.

पण शिकणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी ‘पंधरा दहा’ एवढं खोटं लिहायला त्याला पाऊण तास लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं न खाताच खवखवत होतं. घरी तो फोन उशाखाली ठेवू लागला. कुणी दार वाजवलं की आधी फोन बंद करायचा. सुमनबाई म्हणाली, बीपी बघून घ्या. आणि धम्मप्रिया, जी कधी फाटकाकडे फिरकायची नाही, ती अचानक रोज दुपारी डबा घेऊन यायला लागली. “उन्हात मम्मीनं कशाला यायचं,” म्हणायची. बापाला भरून यायचं आणि भीतीही वाटायची. पोरगी हुशार होती, तिच्या नजरेला पडलं तर? डबा उघडताना तो फोन पालथा घालून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी घात झाला.

भर दुपारी एक लांबलचक गाडी आली, सगळे डबे ताडपत्रीनं झाकलेले. त्यानं फाटक लावलं, मास्तरला आकडा दिला, त्यावर काट मारली. शेवटचा डबा गेला तसं घड्याळ बघितलं आणि रजिस्टरात लिहिलं, तेरा बावन्न. तेवढ्यात फोन थरथरला. शिवकुमारनं विचारलं होतं, ‘काका, आज काही गेलं का?’ धम्मप्रिया बाजूच्या बाकावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढत होती. ती बघायच्या आत उरकावं म्हणून घाईघाईत त्यानं टाइप केलं: ‘झाकलेली गाडी, १३.५२, मुदखेडकडे.’ आणि पाठवलं.

पाठवल्यावर त्याला कळलं, आपण खरं लिहिलं.

अकरा वर्षांची सवय होती. हाताला खरीच वेळ ठाऊक होती. त्यानं लगेच मेसेज पुसला, पण दोन निळ्या खुणा आधीच उमटल्या होत्या. पलीकडच्यानं वाचलं होतं. त्या गाडीत काय होतं, किती पोरं बसली होती, कुणाकुणाची होती, हे त्याच्या डोळ्यांपुढं नाचू लागलं.

“काय झालं पप्पा?” धम्मप्रिया त्याच्या खांद्यामागं उभी होती. “कुणाचा मेसेज होता?”

“कुणाचा न्हाई. जेवायला बसलो म्हणून तुझ्या मम्मीला लिहायलो होतो, भलत्यालाच गेलं.”

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि डबा न घेताच निघून गेली.

संध्याकाळी हॉटेलात साहेबानं फोन चाळला आणि पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं. तेरा चोपन्नला काय पुसलं? खरं सांगितलं तर लेकीची नोकरी गेली आणि आपण तुरुंगात. खोटं सांगितलं तर त्या गाडीचं काय? धम्मानंदनं एका दमात दोन्ही केलं. बायकोला लिहिलेलं चुकून तिकडं गेलं, असं सांगितलं, आणि मग जीभ अडखळत म्हणाला, साहेब, दुपारच्या गाडीला पुढं जरा सांभाळायला सांगा, मला त्याचा ‘काही गेलं का’ मेसेज वाचल्यापासून धास्ती वाटून राहिली. साहेबानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग खिशातला दुसरा फोन काढून त्यावर काहीतरी वाचलं.

“जेवणाचा मेसेज. बरोबर. आम्हालाही तसंच कळलंय,” तो म्हणाला. “आणि गाडीची काळजी तुम्ही करू नका.”

धम्मानंद सुटकेचा श्वास टाकत बाहेर पडला. सायकल अर्ध्या वाटेवर आली आणि त्याचे पाय थांबले. आम्हालाही तसंच कळलंय. साहेबासमोर त्यानं जेवणाचं नावच काढलं नव्हतं, ती थाप दुपारी एकाच माणसासमोर मारली होती. फाटकावर तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं.

म्हणजे डबा उन्हासाठी नव्हता. पोरीला त्याच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. आणि तिनं साहेबाला बापाचीच थाप जशीच्या तशी कळवली होती. तिला ती खरी वाटली म्हणून, की खोटी आहे हे ठाऊक असून? तो रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा राहिला. राग आला का? आला, पण साहेबाचा. लेकीचा राग करायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं.

पुढचे दिवस त्या घरात दोघं एकमेकांना जपून चालत होती. ती डबा आणायची, तो जेवायचा. तो फोन पालथा ठेवायचा, ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. टीव्हीवर कुठं गाडी उडाल्याची बातमी येते का, म्हणून तो पट्टीवरची अक्षरं वाचत बसायचा. सुमनबाई बिचारी दोघांना बेलाचं सरबत पाजत होती, उष्णता झाली म्हणून.

गाडी उडाल्याची बातमी काही आली नाही. लढाई थांबली. साहेबानं शेवटचं बोलावून फोनमधलं सगळं पुसायला लावलं आणि झालं गेलं विसरा म्हणाला. धम्मानंदनं विचारलं, साहेब, मी तुमचं काम केलं असं दोन ओळींत लिहून मिळंल का, उद्या कुणी विचारलं तर? असल्या कामाचा कागद नसतो, साहेब म्हणाला. त्यानंतर त्याचा नंबर कधी लागला नाही. पण शब्द त्यानं पाळला. जूनमध्ये धम्मप्रियाची पडताळणी झाली आणि लातूरला ट्रेनिंगला हजर व्हायचा हुकूम आला.

नांदेडच्या बसस्टँडवर सुमनबाई लेकीसाठी फुटाणे आणायला गेली, तेवढ्यात बाप-लेक पहिल्यांदा एकटे सापडले. लातूरची बस लागलेली होती. धम्मप्रिया पिशवीच्या बंदाशी खेळत होती.

“पप्पा, मला त्या साहेबांनी बोलावलं होतं. तुमच्यावर नजर ठेव म्हणले. न्हाई म्हणलं तर पडताळणी अडवू म्हणले.”

“माहीत हाय मला.”

“तेरा बावन्न. मी वाचलं होतं. तुम्ही पुसायच्या आत.”

“मग कळवलं का न्हाईस?”

“कसं कळवू?” ती म्हणाली. “तुम्ही माझे पप्पा हाव.”

तेव्हा त्याला समजलं. पोरगी त्याला फितूर समजत होती, आणि फितूर समजूनच तिनं त्याला वाचवलं होतं. वर्दी अंगावर चढायच्या आधीच तिनं बापापायी खोटा अहवाल दिला होता. अवाक्षर काढायचं नाही हा साहेबाचा हुकूम त्यानं तिथंच मोडला. शिवकुमार, फोटो, जीप, दोन तास पुढची वेळ, सगळं भराभर सांगितलं. मी साहेबांच्याच सांगण्यावरनं करून राहिलो होतो गं, तुझ्याच नोकरीसाठी.

तिनं पिशवीचा बंद सोडला.

“साहेबांनी खोटी वेळ सांगा म्हणलं होतं ना?”

“हाव.”

“मग तुम्ही खरी का लिहिली?”

जगात याचं एकच खरं उत्तर होतं, आणि ते देताना त्यालाच ते लंगडं वाटलं. “सवयीनं,” तो म्हणाला. “रजिस्टरात लिहिली, तशीच तिथं लिहिल्या गेली.”

पटलं नसतानाही धम्मप्रियानं मान हलवली. चुकलेल्या माणसाला आणखी लाजवू नये म्हणून आपण हलवतो, तशी. कंडक्टरनं घंटी मारली. सुमनबाई फुटाण्याची पुडी घेऊन धावत आली, तिला मिठी मारताना धम्मप्रियाचे डोळे भरले. मग ती बापाकडे वळली, जयभीम म्हणाली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “आता साधा बटनांचा फोन घ्या. फोटो न निघणारा.”

तो बरं म्हणाला.