ऑप्शनला टाकलेला धडा

ऐंशीच्या सुमारास तासगावात माईणकर सरांना न ओळखणारा माणूस शोधूनच काढावा लागला असता. गोपीनाथ माईणकर, बारावीच्या गणिताचे सर. पण त्यांचं नाव झालं ते शिकवण्यामुळे नाही, यादीमुळे. बोर्डाच्या परीक्षेआधी महिनाभर सर एक यादी काढायचे: कुठला धडा घोटायचा, कुठल्यावरून नुसती नजर फिरवायची आणि कुठला सरळ ऑप्शनला टाकायचा. पेपरात 'पाचपैकी कोणतेही तीन सोडवा' असं असायचं, त्यामुळे एखाददुसरा धडा न उघडताही पोरं उत्तम मार्कांनी पार व्हायची. यालाच ऑप्शनला टाकणं म्हणतात. सात वर्षं सरांची यादी चुकली नाही. तिची कार्बन कॉपी मिळवायला आसपासच्या गावांतून सायकली यायच्या, आणि सर ओसरीत बसून डॉक्टरने औषध लिहून द्यावं तसे ऐटीत धडे कापायचे.

आठव्या वर्षी, १९८४ साली, यादी चुकली. त्यानंतर सरांनी यादी काढली नाही आणि शिकवण्याही बंद केल्या. का, ते कुणी विचारलं नाही. सरांचं वय झालं म्हणाले लोक. वय होतं एकोणपन्नास.

२००६ च्या ऑगस्टमध्ये सर आठ महिन्यांसाठी ऑकलंडला मुलाकडे आले. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती, तासगावचं घर खायला उठायचं. मुलगा राघव शहरात एका बँकेच्या आयटी विभागात, सून ममता ईस्ट टामाकीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात. नात सिद्धी सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. सातव्या वर्षी इकडे आलेली, मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर इंग्रजी व्हायचं. आबांना ती 'तू' म्हणायची. ज्यांच्यासमोर अख्खं कॉलेज चळाचळा कापायचं त्या सरांना ते ऐकून पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटलं, तिसऱ्या दिवशी गोड वाटायला लागलं.

पण सर इतक्या लांब आले त्याचं एक कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्च आला, परीक्षेचे दिवस आले, की तासगावच्या घरात कांचन यायची.

यायची म्हणजे उभी राहायची. निळा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, छातीशी धरलेली वही. सर पेपर वाचत असले की खुर्चीच्या डाव्या अंगाला, जेवत असले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. वही तपासून घ्यायला आलेली मुलगी जशी सरांची मान वर होण्याची वाट बघते तशी. आणि एकच विचारायची, "सर, टाकू ना?" एप्रिल लागला की नाहीशी व्हायची. एकवीस वर्षांत एकही साल चुकलं नव्हतं. सर भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते, घरात सत्यनारायणसुद्धा पत्नीच्या हट्टाने व्हायचा. तरी ती यायची, त्याला काय करणार? इकडे फेब्रुवारीत शाळा नुकत्या सुरू होतात हे राघवकडून फोनवर ऐकलं तेव्हा सरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी लगेच यायचं कबूल केलं. शिवाय समुद्रापलीकडे तिला व्हिसा कोण देणार होतं!

इथली परीक्षा नोव्हेंबरात असते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिद्धीला अभ्यासाची सुट्टी लागली. दुपारी जेवणाच्या टेबलावर ती जुने पेपर पसरून बसली होती. कॅल्क्युलसच्या परीक्षेत तीन वेगळ्या पुस्तिका मिळतात: एक डेरिव्हेटिव्हची, एक इंटिग्रेशनची, तिसरी कॉम्प्लेक्स नंबर आणि बीजगणिताची. सगळ्या एकाच तीन तासांत, पण प्रत्येकीचा निकाल वेगळा. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पहिल्या दोन पुस्तिका चांगल्या गेल्या तर युनिव्हर्सिटीला तेवढं पुरत होतं. त्यातली एक जरी घसरली, तर तिसरीवाचून दार बंद.

"आबा, डॅड म्हणतो तू लेजंड होतास," ती म्हणाली. "पेपरात काय येणार ते तुला आधीच कळायचं. ट्रू?"

"राघवला काय, बडबडायला हवं," सर म्हणाले, पण जरा सुखावले. खोटं कशाला बोला!

"मी तिसरी बुकलेट स्किप करतेय. हाफ द क्लास करतोय. कॉम्प्लेक्स नंबर्स इज सो हार्ड, आणि दोनमध्ये हीप्स ऑफ क्रेडिट्स मिळतात. तू एकदा बघून सांग ना, ओके आहे ना? सोडू ना?"

सरांनी मान वर केली. सिद्धीच्या खुर्चीमागे, सरकत्या दाराच्या उजेडात, कांचन उभी होती.

"दूध संपलंय," असं काहीतरी पुटपुटत सर उठले, ममताच्या रबरी चपलांत, इकडच्या भाषेत जँडल्समध्ये, पाय सरकवले आणि बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इकडच्या किराणा दुकानात, मालक सुरेशभाईंनी दुधाची बाटली पुढे करत विचारलं, "सकाळी दोन नेल्यात ना, सर? पाहुणे आलेत का?" सरांनी पैसे पुढे केले. काचेच्या फ्रीजच्या दारात त्यांच्या मागे निळं काहीतरी उभं होतं. नोव्हेंबरचं ऊन, पिवळे डबे, आइस्क्रीमच्या जाहिराती, आणि त्यात ती. एका माणसाचा पिच्छा किती पुरवावा, असं म्हणून सर तिच्यावर मनातून खेकसले. मग त्यांचीच त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी राघव घरी आल्यावर त्याने विषय काढलाच. "बाबा, तुम्ही एकदा हो म्हणून टाका ना. तुमच्या शब्दावर तिचं टेन्शन जाईल. तुमच्या यादीवर आख्खा तालुका पास झाला की!"

"आख्खा नाही," सर म्हणाले. पण राघव तोवर मोजे काढत ममताला हाक मारत आत गेला होता.

यादी चुकली त्या वर्षी राघव पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता. त्याला कांचन कुठून माहीत असणार?

कांचन ही कंपाउंडर मोरेश्वर दळवींची मुलगी. हुशार, आणि हुशार मुलांत असतो तो आगाऊपणा नसलेली. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, सांगलीला इंजिनिअरिंगचं मेरिटवर मिळालं तर शीक, नाहीतर स्थळ तयार आहे. सरांच्या यादीत त्या वर्षीही कॉम्प्लेक्स नंबरचा धडा ऑप्शनला होता. पेपरात सहा मार्कांचा सक्तीचा प्रश्न नेमका त्याच धड्यावर आला. कांचनचं ॲडमिशन दोन मार्कांनी हुकलं.

आणि तिचे वडील पेढे घेऊन आले! गणितात इतके मार्क त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला पडले नव्हते. "सर, तुमच्यामुळे," म्हणत ते पाया पडायला वाकले. कांचन त्यांच्या मागे उभी होती. सरांनी पेढा खाल्ला. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, आणि पुढच्या दिवाळीत सासरहून बातमी आली की स्टोव्हचा भडका उडून ती गेली. पेपरात चार ओळी आल्या. भडका उडाला की उडवला, ते तेव्हा कुणी फारसं विचारत नसे, आणि दळवींनीही विचारलं नाही. सरांनी तेव्हापासून पेढा तोंडात घातला नाही. घरच्यांना वाटतं डायबिटीस.

रात्रभर सरांचा डोळा लागला नाही. सकाळी राघव-ममता कामाला गेल्यावर सिद्धी पुन्हा टेबलाशी आली, आणि कालचाच प्रश्न घेऊन आली. "सो? सोडू ना, आबा?"

कांचन सिद्धीच्या खुर्चीमागे होतीच.

'नको' म्हणायचं, एवढं सरांनी ठरवलं होतं. पण 'नको' म्हटलं की पोरगी म्हणणार, मग शिकव. आणि तिथेच सरांचं घोडं पेंड खात होतं. अडतीस वर्षं नोकरीत जे कुणाला सांगितलं नाही ते आता सांगावं लागणार होतं.

"सिद्धी, मला तो धडा येत नाही."

"व्हॉट? कुठला?"

"हाच. कॉम्प्लेक्स नंबर. बेरीज-गुणाकार येतो, पुढचं मूळं काढणं नाही येत. बीएस्सीला असताना मी तो ऑप्शनला टाकला होता. मग शिकवायला लागलो तेव्हा शिकवावा लागू नये म्हणून पोरांना टाकायला लावला. यादी म्हणून जे काय होतं ना माझं, त्यात पेपराचा अंदाज होता, पण हा धडा दर वर्षी टाकायचो तो माझ्या भीतीपोटी."

सिद्धीने पेन खाली ठेवलं. मग सरांनी तिला कांचनचं सांगितलं. पेढ्यांचं सांगितलं. लग्नाचं आणि स्टोव्हचंही सांगितलं. "ती मला विचारायला आली होती," ते म्हणाले, "वही घेऊन. म्हणाली, सर..."

आणि सर थांबले. एकवीस वर्षं कांचन येऊन 'टाकू ना' म्हणत होती. पण त्या दिवशी ओसरीत ती तसं म्हणालीच नव्हती. तिने वही उघडून त्याच धड्याचं पान पुढे केलं होतं. अर्धं गणित तिने स्वतःच सोडवलं होतं.

"ती म्हणाली, 'सर, हा धडा शिकवाल का? मला आवडतोय.'" सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी वही बघितलीसुद्धा नाही. म्हटलं, ऑप्शनला टाक. दोनदा म्हणाली ती. दुसऱ्यांदा मी ओरडलो."

'टाकू ना' हे सरांनीच तिच्या तोंडी घातलं होतं. निदान तिने विचारलं आणि आपण हो म्हटलं, एवढी तरी वाटणी व्हावी म्हणून. मेलेल्या पोरीच्या माथी त्यांनी आपली अर्धी चूक मारली होती, आणि ती बिचारी दर मार्चमध्ये येऊन ते वाक्य निमूटपणे म्हणत होती.

सिद्धीने उठून पाण्याचा ग्लास आणला. मग पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं. "ओके. मला पण येत नाही, तुला पण येत नाही. पान एकशे बारा. तू वाच, मी करते. देन वी स्वॉप."

पुढचे बारा दिवस त्या टेबलावर ती दोघं झगडली. सर एकाहत्तर वर्षांचे, पण गणिताच्या बाबतीत अजून हट्टी. चुकले की पुस्तकावरच चिडायचे. सिद्धीने एकदा त्यांच्या कागदावर लाल पेनाने फुली मारली तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या, पण फुली बरोबर होती. शनिवारी सगळे भाजी आणायला ओटाहुहुला निघाले तेव्हा ही दोघं गेलीच नाहीत. त्या दुपारी झेडचा घन बरोबर आठ आय, हे गणित सुटलं. उत्तर एक नाही, तीन. एका वर्तुळावर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पहिलं तीस अंशांवर, मग एकशेवीस मिळवायचे, मग पुन्हा एकशेवीस. एवढंच होतं! सर कागदाकडे बघत राहिले. एवढ्याशाला ते पन्नास वर्षं घाबरले होते.

कांचन मात्र गेली नाही. सरांना वाटलं होतं, खरं बोललो, शिकलो, आता सुटेन. ती तिथेच होती, सरकत्या दाराशी. फरक इतकाच की आता ती काही बोलत नव्हती.

परीक्षा मंगळवारी सकाळी साडेनऊला होती. ममताने सिद्धीच्या हातावर दही दिलं, राघव तिला गाडीतून घेऊन गेला, मग ममताही कामाला गेली. घरात सर एकटे. साडेनऊला त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तिथे पुस्तिका वाटल्या असतील. ते टेबलाशी बसले, शेजारची खुर्ची ओढली आणि दाराकडे न बघता म्हणाले, "बस, कांचन. वही उघड."

दुपारी एकच्या सुमारास सिद्धी घरी आली. टेबलभर कागद पसरले होते. प्रत्येकावर सगळ्या पायऱ्या, एकाखाली एक, बोर्डाला पाठवाव्यात इतक्या नेटक्या. सरांचा घसा बसला होता. शेजारची खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून ओढलेली होती.

"तिसरी बुकलेट मी पहिली उघडली," सिद्धी म्हणाली. "मूळं आली होती, आबा. पाचवी मूळं. जमलं बहुतेक. इंटिग्रेशनमध्ये मात्र एक मोठं चुकलं, सो गुड थिंग आय डिड इट." मग तिचं लक्ष कागदांकडे गेलं. खुर्चीकडे गेलं. ती त्या खुर्चीत बसली नाही, वळसा घालून पलीकडे गेली.

"तिला शिकवलंस?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"कळलं का तिला?"

सर कागद गोळा करायला लागले. कागद काही केल्या सारखे लागेनात. शेवटी ते तसेच टेबलावर ठेवून म्हणाले,

"तिला तेव्हाही कळलं असतं."